शलमोनावर कोपलेली आत्ती

आत्ती, तू गेल्यापासून मला दुपारची झोप लागायला लागली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या मास्तरानं हे कबूल करायचं नसतं. पण पाचवीची मुलं खाली माना घालून भागाकार करत असतात आणि इकडं खुर्चीत माझे डोळे मिटतात. मिटले की सांगली दिसते. कृष्णेचा घाट, पाणी अगदी खाली गेलेलं, पायऱ्यांवर पिवळं ऊन. शेवटच्या पायरीवर तू पाठमोरी बसलेली असतेस, तुझ्या त्या पांढऱ्या साडीत. मी हाक मारतो. तू वळत नाहीस. पाण्यावरून हळदीचा वास येतो, आपल्या गल्लीत पेठेतून यायचा तसा, आणि कुणीतरी विचारतं, "गुरुजी, बाकी किती?" मी दचकून जागा होतो. बाकी किती ते मलाही सांगता येत नाही.

असं वर्गात दोनदा झालं. दोन्ही वेळा तू वळली नाहीस. म्हणून विचारतो, विचारायची वेळ गेली तरी विचारतो: तू माझ्यावर रागावलेलीच गेलीस का?

तुझ्यासाठीच्या सांत्वनाच्या प्रार्थनेला मला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. तू छत्तीस वर्षं नर्स होतीस, तू लग्न केलं नाहीस, तू मला वाढवलंस, असं सगळं मी पाठ केल्यासारखं सांगितलं. तुझं जन्मसाल चुकलं, मागच्या रांगेतून कुणीतरी दुरुस्त केलं. मग मी खाली बसलो. सगळ्यांना वाटलं, गहिवरून आलं. गहिवर नव्हता गं तो. तुझ्याविषयी बोलायचं तर जिथून सुरुवात करायला हवी होती तिथून माझी हिंमत झाली नाही, एवढंच. ते इथं करून बघतो.

आपल्या घराण्यानं देव बदलला त्याला तीन पिढ्या झाल्या, पण बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान काही कुणी बदलला नाही. पाळकांनी डोक्यावर पाणी घातलं ते नंतर. कानात कुर्र आधी तू केलंस आणि म्हणालीस, शलमोन. बाबांच्या मनात सुनील होतं. तू म्हणे त्यांना म्हणालीस, "सुनील गल्लीत चार हायत. श्यान्ना एकबी न्हाई." बायबलातल्या त्या शलमोन राजाला देव स्वप्नात भेटला आणि काय हवं ते माग म्हणाला, तेव्हा त्यानं ना सोनं मागितलं ना वैऱ्याचा जीव, शहाणपण मागितलं. म्हणून तुला तो आवडायचा. आपल्या घरात कुणालाच ते मागावंसं वाटलं नव्हतं, असंही तू म्हणायचीस.

या नावानं मी काय काय भोगलं ते तुला माहीत आहे. साताऱ्यात नोकरीला आलो तर हजेरीपत्रकावर सलमान झालो. ईदला लोक शुभेच्छा द्यायचे, मी घ्यायचो. गणितात दोनदा नापास झालो तेव्हा बाबांनी माझ्याकडं न बघता तुझ्याकडं बघितलं. आणि शहाणपणाचं म्हणशील तर एकदा दोन मुली एका पट्टीवरून भांडत माझ्याकडं आल्या. दोन आयांच्या भांडणात बाळ कापायचा हुकूम देऊन खरी आई ओळखणाऱ्या त्या राजाची गोष्ट आठवून मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, ठीक आहे, मधोमध कापतो. दोघी म्हणाल्या, कापा. हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. तू हसत होतीस.

हसताना तू कधी आवाज करायची नाहीस. ते मला कळलं सहावीत. आई गेल्यावर आणि बाबांच्या बदल्यांमुळं मी तुझ्याकडं राहत होतो, आणि एका रविवारी देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, मला शास्त्रवाचन दिलं होतं. तूच मागून घेतलं होतंस माझ्यासाठी. शलमोन शलमोनाचं वाचणार. राजा म्हातारा झाला, परमुलखातल्या बायकांच्या नादानं त्यांच्या देवांमागं लागला, त्याचं मन फिरलं आणि परमेश्वर त्याच्यावर कोपला, असा तो भाग. मी चांगलं मोठ्यानं वाचलं, परमेश्वर शलमोनावर झोपला.

अख्खं देऊळ हललं. पेटीवाला पेटीवर वाकला. तू एकटी समोर बघत ताठ बसलेली. घरी येईपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस आणि मला वाटलं, आता संपलं. मग स्वयंपाकघरात गेलीस, दार लोटलंस, आणि मी फटीतून पाहिलं तर तू पदराचा बोळा तोंडात धरून भिंतीला टेकून गदगदा हलत होतीस. बाहेर आलीस तेव्हा डोळे लाल. म्हणालीस, "कोपला, रं. झोपला असता तर शलमोनाचं लय बरं झालं असतं."

मग तू ती गोष्ट मला सांगितलीस, भाकरी थापता थापता. माझ्या डोक्यात ती अजून त्या पिठाच्या थपथपीसकट आहे. एवढा शहाणा राजा, पण उतारवयात बायकांच्या देवांसाठी डोंगरावर ठाणी बांधून बसला. देवाला राग आला. राज्य फाडून दुसऱ्याला देईन म्हणाला, पण तुझ्या हयातीत नाही, तुझ्या बापाकडं बघून. तुझ्या मुलाच्या हातून काढून घेईन. मी तेव्हाच विचारलं होतं, मुलानं काय केलं? आणि दुसरं, बायकांच्या देवांचं एवढं काय लागून राहिलं होतं देवाला?

पहिल्या प्रश्नावर तू म्हणालीस, भाकरी खा. दुसऱ्यावर तू थांबलीस आणि म्हणालीस, देव त्या माणसाला दोन येळा भेटला हुता. कवा न भेटलेल्यावर कोण रागावतं का?

चाळीस वर्षं आपण हा वाद घातला, आत्ती. पोस्टकार्डांवर घातला, फोनवर घातला, तुझ्या मोतिबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर घातला. मी म्हणायचो, तुझा देव फार तापट आहे. तू म्हणायचीस, तापट न्हवं, तुटलेला. मी म्हणायचो, देव कसा तुटेल? तू म्हणायचीस, तुला चौदाव्या वर्षी टायफॉइड झाला तवा मी सतरा दिस उशाशी बसले, आन् बरा झाल्यावर तू शेजारच्या काकूंना सांगितलंस की त्यांच्या काढ्यानं बरा झालो. तवा माझं काय झालं ते इचार. मला ते काही आठवत नव्हतं. तुला काढ्याचा रंगसुद्धा आठवत होता.

मंगल बायको म्हणून घरात आली तेव्हा मी घाबरलो होतो. शाळेच्या आवारातच अंगणवाडी, तिथं ती होती. आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, त्यांचा देव बिरोबा. देवळातल्या कुणीकुणी कुजबुज केली. तू मंगलला समोर बसवलंस, वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि मला म्हणालीस, "शास्त्रातल्याला सातशे लागल्या. तू एकीवर भागीव." मंगल अशी हसली की तिचं डोकं मागच्या कपाटावर आपटलं. त्या दिवसापासून तुम्ही दोघी एका बाजूला आणि मी दुसऱ्या. तक्रार नाही. तशीच जोडी चांगली होती.

आता ते सांगतो, ज्यासाठी एवढं फिरून आलो.

मंगलचे वडील वारले. भाऊ नव्हता, म्हणून त्यांच्या घरचा बिरोबाचा टाक तिच्याकडं आला. टाक म्हणजे काय ते तू पाहिलंसच, तळहाताएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेला घोड्यावरचा देव. मंगलनं हॉलमधल्या फळीवर ठेवला, रोज सकाळी भंडाऱ्याचं बोट लावायची. माझी काही हरकत नव्हती. खरंच नव्हती. पण त्याच सुमारास मला आमच्या साताऱ्याच्या देवळाच्या पंच कमिटीत जायचं होतं. आता हसू येतं. पंचाचं काम म्हणजे उपासनेआधी खुर्च्या मांडणं आणि नंतर त्या मोजून आत ठेवणं. पण मला तेव्हा ती गादी वाटत होती. आणि त्या शनिवारी नवे पाळक आमच्याकडं जेवायला येणार होते, आणि तूही सांगलीहून येणार होतीस.

तू कधीकाळी टीव्हीसाठी क्रोशाचं कव्हर विणून दिलं होतंस. टीव्ही पातळ होऊन भिंतीवर चढला आणि कव्हर बेकार झालं होतं. मी ते काढलं आणि टाकावर टाकलं. वर एक फुलदाणी ठेवली, म्हणजे वाटावं मुद्दामच सजवलंय.

पाळक सोफ्यावर बसले. तू बसली नाहीस. तू सरळ फळीकडं गेलीस, कारण तुझं विणलेलं तुला लांबून ओळखू येणारच. फुलदाणी बाजूला केलीस, कव्हर उचललंस. पांढऱ्या दोऱ्याला भंडारा लागून मधोमध पिवळा गोल उठला होता. तू मागं वळून विचारलंस, "हे कुणी झाकलं?"

मंगल ताट घेऊन दारात उभी होती. पाळक माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "मंगलनं. तिला वाटलं, पाहुणे येणार..."

तिनं ताट ठेवलं आणि आत गेली. तू कव्हरची चार घड्यांची घडी केलीस, पिशवीत ठेवलीस. जेवलीस, पाळकांशी सांगलीच्या पुराविषयी बोललीस, आपलं ताट आपण धुतलंस. स्टँडपर्यंत येतो म्हणालो तर म्हणालीस, वाट म्हाईत हाय मला. आणि त्यानंतर सहा वर्षं तू माझ्या घरात पाऊल टाकलं नाहीस.

मी पंच झालो. ते राज्य तीन वर्षं माझ्याकडं होतं. खुर्च्या कधी कमी भरल्या नाहीत.

दर रविवारी तुझा फोन यायचा. मी उचलला तर तू म्हणायचीस, तब्येत बरी हाय न्हवं, मंगलला दे. मग तुम्ही दोघी पाऊण तास बोलायचात. मी पेपर आडवा धरून बसायचो. विचारणाऱ्यांना सांगायचो, आमची आत्ती जुन्या वळणाची, तिला घरात बिरोबा चालत नाही. लोक समजूतदारपणे मान हलवायचे. मला हे इतकं सोयीचं होतं की हळूहळू माझाही त्यावर विश्वास बसला. तुझा देव तापट आणि तू त्याची भक्त, मग काय होणार. वादातला माझा मुद्दा तर आपोआपच सिद्ध झाला होता.

शेवटचं मी आलो तेव्हा तू दवाखान्यात होतीस. तू मधेच जागी असायचीस, मधेच कुठं तरी लांब. खिडकीतून निलगिरीची सावली चादरीवर हलत होती आणि तू बोटांनी ती सावली सारखी करत होतीस, चादरीची सुरकुती काढावी तशी. म्हणालीस, वाच काय तरी. मी शास्त्रातलं राजांचं पुस्तक वाचायला घेतलं. का तेच घेतलं, सांगता येत नाही. डोळे मिटूनच तू माझे उच्चार दुरुस्त करत होतीस. मी म्हणालो, आत्ती, आता तरी सांग, राज्य मुलाच्या हातून का काढून घेतलं? तू म्हणालीस, त्ये मला ठावं असतं तर मी इंजेक्शनं टोचत फिरले असते व्हय, पाळकच झाले असते.

मग थोड्या वेळानं, झोपेत की जागेपणी कळलं नाही, तू म्हणालीस, "पर हयातीत न्हाई काढलं. रागावला, तरी हयातीत न्हाई काढलं."

तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. ते मी झाकलं होतं, आत्ती. एवढंच म्हणायचं होतं. चार-पाच शब्द, माझ्या पाचवीच्या मुलांना शुद्धलेखनाला देतो तेवढे. तेवढ्यात सिस्टर बीपी बघायला आली. तू डोळे उघडून तिला पट्टा कसा बांधायचा ते सांगायला लागलीस. मी म्हणालो, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला निघालो होतो तेव्हा फोन आला.

प्रार्थनेनंतर मी आणि मंगल एसटीनं परत निघालो. कराडच्या पुढं माझा डोळा लागला. तोच घाट, तीच तू पाठमोरी. मी जागा झालो तर बाहेर उसाच्या गाड्यांमागं आमची एसटी अडकून उभी होती आणि मंगल काचेतून बघत होती. मी म्हणालो, आत्ती घाटावर बसलेली दिसते, वळत नाही.  मंगल काचेकडंच बघत म्हणाली, "घाटावरच शब्द दिला हुता न्हवं तुमी त्यांला."

मला काहीच आठवेना. मग मंगलनं सांगितलं, तुझ्याकडून ऐकलेलं. लग्नाच्या आधी तू मला घाटावर नेलं होतंस. तिला देवळात यायची जबरदस्ती करणार का, विचारलं होतंस. मी नाही म्हणालो. मग तू म्हणालीस, तिला तुझ्या घरात काई लपवाय लागणार न्हाई, असा शब्द दे. मी दिला. एसटी तशीच उभी होती आणि ते सगळं मला आठवत गेलं, पाण्याची पातळी, मी हातात धरलेली भेळ, तुला मी किती पटकन 'हो' म्हणालो ते. काढ्यासारखंच ते मी विसरलो होतो आणि तू नव्हतीस.

"त्यांला टाकाचं काई न्हवतं," मंगल म्हणाली. "मला म्हणल्या, माजा देव एवढ्याशा पत्र्यानं दचकत न्हाई. शास्त्रातल्या शलमोनानं डोंगरावर बांधलं, उघडं. ह्यानं झाकलं, आन् वर तुजं नाव सांगितलं."

मी तिला विचारलं, मग तू काय म्हणालीस? मंगल म्हणाली, मी म्हणलं, न्हाई, मीच झाकलं. तर म्हणाल्या, तूबी त्याच्यासाठी खोटं बोलतीस, म्हंजी त्यानं दोघींना बाटवलं.

पुढच्या उसाच्या गाड्या हलल्या आणि आमची एसटीही हलली. सातारा आला. अजिंक्यतारा ढगात होता, नुसता पायथा दिसत होता.

रविवारी देवळातून आल्यावर मंगल मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो. एक जुडी ओढून घेतली, म्हणजे हाताला काही काम असावं. म्हणालो, त्या दिवशी मी खोटं बोललो. माझी चूक तुझ्या नावावर घातली, आणि तू आत निघून गेलीस तरी मी उठून आलो नाही. सहा वर्षं आलो नाही. माझं चुकलं, मंगल.

ती देठ काढत राहिली. मी निवडलेल्या ढिगातून चार काड्या उचलून बाहेर टाकल्या. मग म्हणाली, "मला म्हाईत हुतं तुमी कवा तरी म्हणशीला. पर आत्तींच्या हयातीत म्हणाय पायजे हुतं." थोड्या वेळानं म्हणाली, "आता लिव्हा तरी. मास्तर हाय न्हवं."

म्हणून हे लिहिलं, आत्ती. तू रागावलेलीच गेलीस, हे आता मला पक्कं कळलं आहे. आणि कशावर, तेही. तुला मी देवाच्या नावाखाली सोयीस्करपणे बसवून टाकलं होतं. तू तर साधी माझ्यावर रागावली होतीस, टायफॉइडमध्ये उशाशी बसलेलं माणूस रागावतं तशी.

इथंच संपवणार होतो. पण छापायला देण्याआधी मंगलला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं, दोन जागी हसली, एका जागी पदर डोळ्यांना लावला. मग बोट ठेवून म्हणाली, हितं खोटं लिव्हलंय. मी म्हणालो, आता काय राहिलं? तर म्हणाली, "सहा वर्सं पाऊल टाकलं न्हाई म्हणून लिव्हलंय. आवं, यायच्या की त्या. तुमी शाळंला गेला की यायच्या. वर्सातनं दोन-तीनदा. चारच्या एसटीनं माघारी."

मी विचारलं, काय करायची येऊन? मंगल उठली, कपाट उघडलं आणि माझे शर्ट बाहेर काढून पलंगावर टाकले. एकेक उलटा करून दाखवला. प्रत्येक बटणाच्या मागं बारीक, घट्ट, दुहेरी गाठ होती, टाके घालणाऱ्या माणसाच्या हातची.

सहा वर्षांत माझं एकही बटण तुटलं नाही, आत्ती. आणि शाळेत मी सगळ्यांना सांगत होतो की शर्ट चांगल्या दुकानातून घ्यावेत.